मागचे दोन

मी एक जुनी लाकडी मांडणी आहे. रॅक म्हणालात तरी माझी हरकत नाही, वर्कशॉपमध्ये सगळे तेच म्हणतात. मित्रांनो, मला बघून नाक मुरडू नका. रंग उडाला आहे, एक पाय आखूड आहे आणि त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारलेली आहे, हे मला ठाऊक आहे.

माझा जन्म खोक्यांतून झाला. फार पूर्वी या वर्कशॉपसाठी बोटीने यंत्रे आली. ती ज्या खोक्यांत आली, त्यांच्याच फळ्यांतून सुताराने मला उभे केले. नाजूक मालाच्या खोक्यावर काचेच्या पेल्याचे चित्र छापतात ना, ते माझ्या अंगावर अजून आहे. सुताराने घाईत ती फळी उलटी ठोकली, म्हणून माझा पेला कायमचा उपडा. तेव्हा दूरच्या मालाशी माझे वैर नाही. मी स्वतःच तिकडच्या लाकडाची!

आमच्या वर्कशॉपमध्ये श्वासाची यंत्रे दुरुस्त होतात. ज्यांची छाती थकली आहे, त्यांच्या उशाशी असे यंत्र ठेवतात. ते खोलीतली हवा ओढून घेते आणि प्राणवायू नळीने नाकाशी पोचवते. त्याच्या पंपात बशीएवढा रबरी पडदा असतो. तो फाटला की यंत्र बंद. असे पडदे, झडपा, नळ्या, स्क्रू माझ्या खणांत असत, आणि ते सारे सांभाळत स्टोअरकाका. रोज सकाळी ते मला फडक्याने पुसत आणि पुसताना माझ्याशी बोलत. लोक हसत. मला मात्र फार बरे वाटे.

काकांची एक रीत होती. कोणत्याही वस्तूचे शेवटचे दोन नग ते सहसा देत नसत. ते खणात अगदी मागे, भिंतीला टेकवून ठेवत. त्यांना ते ‘मागचे दोन’ म्हणत. आमचा मिस्त्री चिडायचा.

“काका, दिसतायत की दोन! मग काय शोभेला ठेवलेत?”

“ते नाहीतच असं समज. नवा माल येईल परवा.”

“आणि हे कुणासाठी?”

“ज्याचं खरंच अडेल त्याच्यासाठी.”

आणि खरेच, बाहेरून कुणी धापा टाकत आले की काकांचा हात न बघता सरळ मागे जाई.

पडदे तेव्हा मागच्या गल्लीतच बनत. रबरवाला साच्यातून काढून सायकलला पिशवी लटकवून आणून देई. मग परदेशी पडदे येऊ लागले. रबर एका देशातले, साचा दुसऱ्या देशातला, खोक्यात भरणारे हात तिसऱ्याच देशातले, आणि तरीही किंमत गल्लीतल्या पडद्याच्या निम्मी. रबरवाल्याने साचा भंगारात घातला. मला त्याचे फार वाईट वाटले. पण खरे ते सांगितले पाहिजे, यंत्रेसुद्धा स्वस्त झाली आणि साध्या घरांत पोचली. काकूंची छाती थकली तेव्हा काकांनाही त्यामुळेच यंत्र घेता आले. नाहीतर काकूंना इस्पितळाच्या खाटेवरच राहावे लागले असते, आणि त्यांना तर आपली खिडकी, आपली उशी आणि शेजारणीशी गप्पा एवढेच हवे होते.

पुढे वर्कशॉप चालवायला नव्या मॅडम आल्या. हुशार आणि मनाने चांगल्या. त्यांनी समजावले, माल साठवायचा नसतो, ज्या दिवशी लागेल त्या दिवशी तो दारात यायचा असतो. त्यांच्या फोनवर समुद्राचा नकाशा होता आणि त्यात आमच्या मालाच्या बोटीचा ठिपका पुढे पुढे सरकत असे. मिस्त्रीसुद्धा तोंडाचा आ करून बघत बसायचा. आणि माल खरोखर वेळेवर यायचा!

एक दिवस मॅडम म्हणाल्या, “काका, रॅक पूर्ण रिकामा करा. जुना माल व्यापारी घेऊन जाईल.”

काकांनी खण रिकामे केले. मागे भिंतीपर्यंत कुणीही हात घालून बघणार नव्हते. पण ‘पूर्ण’ म्हणजे पूर्ण, असा काकांचा स्वभाव. त्यांनी मागचे दोन पडदेही काढले, घटकाभर हातात धरले आणि खोक्यात टाकले. त्या दिवसापासून मला पुसायचे कारण उरले नाही. माझ्यावर धूळ बसली, कोळ्याने जाळे विणले. मिस्त्री माझ्यावर डबा ठेवू लागला.

मग दूरच्या एका बंदरात मालाची कोंडी झाली. बोटी बाहेर समुद्रात ताटकळत राहिल्या. नेमके तेव्हाच काकूंच्या यंत्राचा पडदा फाटला. काका धापा टाकत आले आणि सवयीने त्यांचा हात सरळ माझ्या मागच्या कोपऱ्यात गेला. तिथे नुसती फळी होती. काकांनी हात लगेच मागे घेतला नाही.

मॅडमनी फोनामागून फोन केले. “काका, ठिपका हलतच नाहीये हो,” त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. नवी यंत्रेही त्याच बोटीत, भाड्याची सगळी लोकांच्या घरी. रबरवाला म्हणाला, “साचा असता तर आत्ता ओतून दिला असता.” मिस्त्रीने सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला, तो संध्याकाळपर्यंतही टिकला नाही.

काकूंना इस्पितळात न्यावे लागले. “घरी कधी नेताय?” त्या रोज विचारत. काका सांगत, “पडदा आला की लगेच.”

पडदा येण्याआधीच काकू गेल्या. मिस्त्रीने ते मॅडमना सांगितले, तेव्हा दोघे माझ्याच शेजारी उभे होते. मी लाकडाची, मला रडता येत नाही.

माल आला तेव्हा काका वर्कशॉपमध्ये आले. काकांनी मला पुसले, कोळ्याचे जाळे काढले आणि दोन पडदे मागे भिंतीला टेकवून ठेवले.

“हे नाहीतच असं समजा,” ते मॅडमना म्हणाले आणि घरी गेले.

मित्रांनो, वस्तू कितीही लांबून येवोत, खुशाल येवोत. पण ज्या वस्तूवर आपल्या माणसाचा श्वास अवलंबून आहे, ती हाताशी ठेवा. तेवढी जागा अडली तर अडू द्या. मी जुनी झाले आहे, पण तेवढे ओझे मला अजून झेपते.

परवा एक मुलगी धावत आली. तिच्या वडिलांचे यंत्र बंद पडले होते. मॅडमचा हात न बघता सरळ मागे गेला. नंतर त्यांनी काकांच्या घरी फोन लावला.

“काका, मागच्या दोनातला एक दिला.”

काकांनी एवढेच विचारले, “घरीच आहेत ना ते?”

“हो काका. घरीच आहेत.”