सुतारपक्षी

तिने पडद्यावरच्या एका ओळीवर पेन्सिलीचं टोक टेकवलं आणि शेजारच्या टेबलावरच्या जाड्याला हाक मारली.

"हा बघ. दर बारा सेकंदांनी. सकाळपासून एकदाही चुकला नाहीये."

"बॉटच. लाव त्याला कुलूप," जाड्या मान वर न करता म्हणाला.

डोळ्यांच्या इस्पितळाची वेबसाइट सांभाळायचं काम या दोघांकडे होतं, आणि गेल्या तीन आठवड्यांत त्या कामाने त्यांच्या नाकी नऊ आणले होते. मोठ्या डॉक्टरांच्या भेटीची वेळ कुणी रद्द केली की ती साइटवर दिसे, आणि माणसाचा हात पोचायच्या आत एखादा बॉट ती गिळून टाकी. कुणीतरी कुठेतरी चालू करून ठेवलेला प्रोग्रॅम तो. त्याला ना झोप, ना कंटाळा. पेशंट फोनवरून शिव्या घालत आणि साहेब त्या जशाच्या तशा खाली पोचवत. वेळा डॉक्टरांच्या टेबलावरून सुटत, त्यावर हिचा काडीचा अधिकार नव्हता. हिच्या हातात होतं ते फक्त दार.

म्हणून ती सकाळपासून सर्व्हरच्या नोंदी, म्हणजे कुठल्या इंटरनेट-पत्त्यावरून साइट कधी उघडली ते, चाळत होती. संशय आला की तो पत्ता बंदीच्या यादीत टाकायचा. मग तिथून येणाऱ्याला सर्व्हर उंबरठ्यावरूनच परत पाठवी. नुसत्या आकड्यांनी डोकं उठतं म्हणून ती प्रत्येकापुढे एक टोपणनाव लिही. हावरट. गोचीड. आगाऊ. हा नवा इतक्या नेमाने ठोकत होता की त्याचं नाव आपोआपच सुतारपक्षी पडलं.

"ब्राउझर तर आजोबांच्या काळातला दाखवतोय," ती म्हणाली. "पण गंमत बघ, काल एक ते सव्वा गायब. परवाही."

"जेवायला जात असेल बिचारा."

दोघंही हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. हसता हसताच तिने सुतारपक्ष्याचा पत्ता यादीत टाकला. तेव्हा पावणेबारा वाजले होते.

संध्याकाळपर्यंत यादीत त्रेचाळीस पत्ते झाले आणि साइट पळू लागली. साहेबांचा एका शब्दाचा निरोप आला: शाब्बास.

घरी पोचली तेव्हा तिच्या पायांचे तुकडे पडले होते. खिडकीशी आई वाटाणे सोलत बसली होती, बोटांनी चाचपत. काचबिंदूने तिचा डावा डोळा गेल्यात जमा होता आणि उजवा त्याच वाटेवर होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी वाचवायची, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळते का बघ, असं बाबा लेकीला महिन्यापूर्वी म्हणाले होते. "बघते," ती म्हणाली होती. त्यानंतर आणखी दोनदा म्हणाली होती.

बाबा टेबलाशी तिच्याच जुन्या लॅपटॉपपुढे बसले होते. बाजूला मनगटावरून काढलेलं घड्याळ. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला माणूस.

"आलीस? अगं, तुमच्या इस्पितळाचं ते पान बंद पडलंय. पावणेबारापासून. परवानगी नाही म्हणतंय."

तिने खांद्यावरून काढलेली बॅग तशीच हातात राहिली.

"कधीपासून बघताय तुम्ही ते पान?"

"झाले की आठ-नऊ दिवस. रद्द झालेली वेळ मधूनच निघते म्हणे. पान पुन्हा उघडायचं बटण भराभर दाबलं की ते अडकतं, म्हणून घड्याळ लावून बसतो. मिनिटाला पाच वेळा. एक सेकंद इकडचा तिकडे होत नाही." आवाजात जुना अभिमान होता.

"मला का नाही सांगितलंत बाबा?"

"सांगितलं होतं की." मग घाईघाईने ते म्हणाले, "तू दमून येतेस गं."

उत्तर नको वाटत असूनही तिने विचारलं, "आणि दुपारी एक वाजता उठता कशाला?"

"आईच्या डोळ्यांत थेंब घालायला. एक थेंब, मग पाच मिनिटांनी दुसऱ्या बाटलीतला, मग तिसऱ्या. सव्वा वाजतोच."

तिने ऑफिसचा लॅपटॉप काढला, यादी उघडली आणि सुतारपक्ष्याची ओळ पुसून टाकली. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटण्याइतकंही त्राण अंगात नव्हतं.

"आता बघा."

सेकंदकाटा बारावर येईपर्यंत बाबा थांबले, मग त्यांनी बटण दाबलं.

"उघडलं! वेळ शिल्लक नाही म्हणतंय. पण उघडलं." ते खुर्चीत सावरून बसले.

"दोघंही आता उठा, जेवून घ्या," आई खिडकीशी बसल्या बसल्या म्हणाली.

तिने लॅपटॉप मिटायला हात पुढे केला. यादीत अजून बेचाळीस नावं होती, सगळी तिनेच ठेवलेली. हात तसाच मागे आला. हावरटाच्या आठवडाभराच्या नोंदी तिने उलगडल्या. रात्रंदिवस एकसारखा, कुठे खंड नाही. त्याला तिने यादीत राहू दिलं. मग गोचीड.

हा पत्ता रोज पाच ते साडेपाच थांबत होता. शनिवार-रविवारी मात्र नाही. कुणीतरी रोज त्या वेळी कुणाला तरी शाळेतून आणायला जात असावं.

तिने ती ओळ पुसली. बाबांचं बोट पुन्हा बटणावर पडलं.

"आई, तू जेवून घे," ती म्हणाली, आणि तिसरं नाव उघडलं.