नारळाची बोली

"पाचशे!" रत्नाकरने हात वर केला आणि आपल्याच आवाजाने दचकला.

मदन महल वस्तीतल्या मराठी मंडळाच्या गणपतीची शेवटची आरती नुकतीच झाली होती आणि पूजेतल्या नारळाचा लिलाव चालू होता. हेमलताबाईंनी तीनशे म्हटल्यावर सगळा मांडव गप्प बसला होता. त्या शांततेत हा पाचशेचा आवाज उगाचच मोठा झाला.

रत्नाकरने उभी हयात परदेशात लिलावाचं शास्त्र शिकवण्यात घालवली होती. बोली लावणारे आपसात संगनमत करतात ते कसं ओळखावं, यावर त्याचे शोधनिबंध होते. स्वतः मात्र त्याने कधी कशावर बोली लावली नव्हती. निवृत्त होऊन वडिलांच्या घरी परतल्याला वर्ष झालं, त्या वर्षात दूधवाल्याखेरीज कोणी त्याची कडी वाजवली नाही. आणि नारळ घेणाऱ्याच्या घरी सगळं मंडळ वाजतगाजत चहाला जातं. त्याला नारळ नको होता, माणसं हवी होती.

लिलाव पुकारणाऱ्या भाऊरावांनी हेमलताबाईंकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान किंचित हलवली.

"एक वार... दोन वार... तीन वार," भाऊराव नाइलाजाने म्हणाले. नारळ हातात देताना त्यांनी आवाज खाली आणला. "भैया, तुम्हाला माहीत नसन. ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्याच्यासाठी सोडतो आम्ही हा. हेमलताबाईंचे मिस्टर गेले ना औंदा."

रत्नाकरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढं साधं संगनमत, आणि तेच नेमकं त्याला दिसलं नव्हतं. तो तसाच बायकांच्या बाजूला गेला.

"चुकलं माझं. हा तुमचा आहे."

"राहू द्या जी. भाऊराव विचारून राहिले होते नजरेनं, मीच नाही म्हटलं."

"काहून?"

"माझ्याकडे येतच असते कोणी ना कोणी. तुमच्या फाटकासमोरून रोज जाते मी, दिसते मले." त्यांनी पदर खोचला. "चलो. कप किती आहेत घरी?"

त्याने नारळ या हातातून त्या हातात घेतला.

"एक."

हेमलताबाईंनी मागे वळून बायकांतल्या एकीला हाक मारली, "शकु, सगळ्यांना सांग, आपापले कप घेऊन निघा."