वरवंट्याची कावीळ

बाबलीबुवाच्या मांडवात जागा धरायची तर न्याहारी टाकून यावे लागे. खाडीपलीकडून होड्या भरून माणसे येत, तारकर्लीहून चालत येत, मसुऱ्याहून बैलगाडीने येत. ज्याला झावळांच्या सावलीत टेकायला मिळाले तो उन्हात उभ्या असलेल्यांकडे अशा नजरेने बघे, जणू त्याची अर्धी कावीळ तिथेच उतरली.

आणि कावीळ उतरायची, अगदी डोळ्यांदेखत. बुवा रोग्याच्या टाळूवर हिरव्या काड्यांची बशीएवढी माळ मुकुटासारखी बसवी. पहिल्या दिवशी ती इतकी तोकडी असे की कपाळाखाली येत नसे. मग ती आपसूक वाढे. आधी कानांवर, मग गळ्यात, मग छातीवर. बेंबीशी पोचली की कावीळ संपली. माळेला कोणी हात लावायचा नाही, काढायची नाही, शंका घ्यायची नाही. नुसते बघायचे.

त्या सकाळी कॉन्स्टान्सियो सुतार सदरा काढून बेंबीवरची माळ मिरवत उभा होता. होड्या बांधणारा, वाशासारखा उंच माणूस. येताना इगर्जीत मेणबत्ती लावून आला होता आणि बुवापुढे नारळ ठेवत होता. दोन्ही पेढ्यांवर खाते उघडे ठेवलेले बरे, असा त्याचा व्यवहार. बुवाने एरवीचे कचेरीतले मराठी बाजूला ठेवले आणि मालवणीत देवापुढे गाऱ्हाणे सुरू केले.

"बा देवा म्हाराजा, ह्या कॉन्स्टान्सियोची पिवळी पीडा आज माळेबरोबर खाली उतरली."

"व्हय म्हाराजा," मांडव म्हणाला.

"जो कोण माळेर शंका घेता, जो कोण सुईवाल्या डाक्टराकडे जाता, तेची पीडा तेच्याकडेच ऱ्हवांदे."

"व्हय म्हाराजा."

ह्या दुसऱ्या 'व्हय'खाली आपण कशावर अंगठा उठवला, ते कोणी पाहिले नाही. मग तांब्याची घागर फिरली. तिच्यात बुवा रोग्याचा हात मनगटापर्यंत बुडवी आणि तेच पाणी तीर्थ म्हणून सगळे ओंजळीने पीत. निरोगी लोकही पीत, पुढची तजवीज म्हणून.

ही कावीळ आमच्या वाडीत आली कशी, त्याची हकिकत अशी. अठ्ठावन्न सालच्या चतुर्थीला मुंबईचे चाकरमानी नेहमीप्रमाणे आले. एकेका घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. भजने झाली, काळ्या वाटाण्याची उसळ झाली, आणि पहाटे जो तो तांब्या घेऊन माडांच्या आडोशाला जाऊन आला. तो आडोसा नेमका देवीच्या विहिरीच्या वरच्या अंगाला. विहिरीचा कठडा एका बाजूने ढासळलेला, आणि पाऊस काही चाकरमान्यांची सोय बघून थांबत नाही. वरचे सगळे धुऊन खाली विहिरीत गेले. गणपती बोळवून मंडळी बोटीने मुंबईला परतली. दसरा गेल्यावर घरोघर डोळे पिवळे दिसू लागले.

शाळेचे फॉस्टिन मास्तर तेव्हापासून घसा फोडून सांगत होते की ही विहिरीची करणी आहे. कोणाला पटेना. वाडीचा मुद्दा बिनतोड होता: पाणी प्यायलो गणपतीत, आजारी पडलो दसऱ्यानंतर, मधे इतके दिवस रोग काय करत होता? हा रोग पोटात महिनाभर दडून बसतो आणि मग डोळ्यांत उतरतो, हे मास्तरांचे उत्तर ऐकायला कोणी थांबले नाही. तरी त्यांनी मालवणहून ब्लिचिंग पावडरचा डबा आणला. विहिरीत काही टाकायचे तर आमच्याकडे देवीचा कौल घ्यावा लागतो. तो आता बुवा घेई. बुवा कचेरीतल्या मराठीत गरजला, "हे जल म्हणजे साक्षात मातेचे स्तन्य. त्यात हे पांढरे विष कालवणार?" चार माणसांनी डबा उचलला आणि शाळेच्या ओट्यावर परत नेऊन ठेवला, देवाची पालखी न्यावी तितक्या निष्ठेने.

मास्तरांनी मालवणच्या डॉक्टरांनाही विचारून पाहिले. डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, ह्या काविळीवर औषध माझ्याकडे नाही; विश्रांती घेतली, हलके खाल्ले तर बहुतेकांची आपोआप जाते. पण गरोदर बाईला झाली तर जीवावर बेतू शकते. तिला इथे आणून डोळ्यांपुढे ठेवा. मास्तरांनी हे वाडीत सांगितले तेव्हा लोक हसले. डॉक्टर म्हणतो औषध नाही, बुवा म्हणतो आहे. मग जायचे कोणाकडे? खरे बोलणाऱ्याचे दुकान आमच्याकडे असेच बसते.

परशुरामाची बायको यशोदा पोटुशी होती. तिची माळ बेंबीपर्यंत व्यवस्थित उतरली आणि त्यानंतर दोन दिवसांत ती गेली, पोटातल्या जिवासकट. बुवाने डोळे मिटून निर्वाळा दिला की तिने मनात शंका घेतली असावी. परशुरामाने मान डोलावली. माणूस एवढा पिचला की कोणी कारण दिले तरी उपकार वाटतात.

आणि त्यानंतर काशीबाईची सून सुगंधा पिवळी पडली. तिलाही सातवा महिना. नवरा बाळा बोटीवर खलाशी, तेव्हा कुठल्या बंदरात होता देव जाणे. काशीबाई म्हणजे वाडीतले सगळ्यात मोठे तोंड, पण यशोदेची तिरडी तिने पाहिली होती. भीतीने माणूस डॉक्टरकडे जाईल असे वाटते ना? ती दुप्पट वेगाने बुवाकडे गेली. सुनेच्या टाळूवर माळ चढली.

सुगंधा मसुऱ्याची, फायनलपर्यंत शिकलेली, आणि बोलायला सासूपेक्षा उण्यात नाही. यशोदा तिच्या शेजारी बसून दिवाळीच्या करंज्यांचे बेत करायची. माळ घालून घरी आली आणि दुपारभर भिंतीला टेकून विचार करत बसली. संध्याकाळी काशीबाई कालवणाचे वाटप वाटायला पाट्याकडे वळली तर वरवंटा जागेवर नाही. तो सापडला कोनाड्यात, दुपट्यात गुंडाळलेला, होणाऱ्या बाळासाठी शिवलेले टोपडे घालून उभा. बारशाला पाळण्यात आधी वरवंटा निजवतात तसा. आणि टोपड्यावर बुवाची माळ.

काशीबाईच्या हातातली खोबऱ्याची वाटी पडली. मूल पोटात असताना टोपडे काढलेस, देवाची माळ दगडाला घातलीस, आता आमचे काय होणार, असे सगळे ती एका दमात बोलली. सुगंधाने ते संपू दिले.

"आये," ती म्हणाली, "दिवाळेपर्यंत बघ. माळ थंयच ऱ्हवली तर मी परत डोकेर घेतंय आणि मरान जातंय. पण ती खाली इली, तर माका होडयेत बसव आणि मालवणाक ने."

माळ काढून टाकावी असे काशीबाईच्या मनात फार होते. पण माळेला हात लावायचा नाही हा बुवाचाच हुकूम. लावला तर पाप, न लावला तर वरवंट्याला कावीळ. अशा पेचात ती बाई रोज शेजारच्या लक्ष्मीकडे जाऊन वाटप वाटून आणू लागली. आमचा वरवंटो आजारी आसा, एवढेच लक्ष्मीला सांगे. लक्ष्मीला वाटले, म्हातारीच्या डोक्यात कावीळ गेली.

पण म्हातारीचे डोळे शाबूत होते. माळ टोपड्यावरून घसरली. मग दुपट्याच्या गळ्यात आली. मग पोटावर. काशीबाई येता-जाता कोनाड्याकडे बघे आणि लांबूनच वितीने माळेचे माप घेई.

दिवाळीच्या आधीच्या सोमवारी मांडव गच्च भरला होता. काशीबाई कडेवर मूल घेऊन पुढे आली. मागे सुगंधा, एका हाताने मांडवाचा खांब धरून. बुवाने टोपडे पाहून आशीर्वादाला हात पुढे केला.

"यावे माते. बाळ कोणाचे?"

"माझ्या पाट्यावरचा," काशीबाई म्हणाली, आणि टोपडे काढले. "बघा बुवा. हेचीय कावीळ बेंबीपर्यंत उतरली."

कोणी हसले नाही. हसू की नको, हे सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघून ठरवत होते. बुवा मात्र कच्चा नव्हता. त्याने दोन्ही हात आकाशाकडे नेले. "हाच तर चमत्कार, माते. तुझ्या सुनेची पीडा ह्या पाषाणाने शोषून घेतली." आणि खरे सांगतो, दहा-बारा तोंडे 'व्हय' म्हणायला उघडलीसुद्धा.

सुगंधाने पदर मागे सारला आणि उजेडात आली.

"मगे माझे डोळे असे हळदीवानी कित्याक? दगडान माझी कावीळ घेतली ना? मग ही कोणाची? जवळ येवन बघा."

जवळ यावे लागले नाही. लांबूनही दिसत होते. उघडलेली तोंडे तशीच राहिली.

तिने वरवंट्यावरची माळ काढली, मांडवात पहिल्यांदा कोणीतरी ती हातात घेतली, आणि एक काडी उपसली. काडी वाळून काटकीसारखी झाली होती. तिच्याभोवतीचा दोऱ्याचा फास रिकामा, बोट जाईल इतका. तिने सांगितले ते अगदी सोपे होते. काडी हिरवी असताना जाड, म्हणून फास भरलेला आणि दोरा त्यात गुंतलेला. काडी वाळते, बारीक होते, फास ढिला पडतो, आणि गुंतलेला दोरा माळेला मिळतो. असे पन्नास फास ढिले पडले की टाळूवरची माळ बेंबीवर येणारच. माणसावर घाला, खुंटीवर घाला.

बुवा मंत्र पुटपुटू लागला. सुगंधाने हात लांब करून बायकांत बसलेल्या लक्ष्मीच्या अंबाड्यातली आदल्या दिवशीची अबोलीची वेणी ओढली.

"काल कानापर्यंत होती, आज मानेर लोंबता. हिकाय कावीळ झाली काय गो लक्ष्मी?"

आता मात्र मांडव हसला, आणि बायका आधी हसल्या. रोज केळीच्या सोपाच्या धाग्यात वेण्या ओवणाऱ्या, संध्याकाळी त्या सैल पडल्या म्हणून पुन्हा खोचणाऱ्या बायका. युक्ती प्रत्येकीच्या डोक्यात होती, अगदी शब्दशः. पण बुवाच्या माळेपुढे त्यांनी आपले डोके दारातल्या चपलांबरोबर काढून ठेवले होते.

सगळ्यात चिडला कॉन्स्टान्सियो. "मगे माका बरो कोणी केलो?" त्याने मास्तरांना दरडावून विचारले, जणू मास्तरांनीच नारळ घेतले होते.

"तुज्याच आंगान," फॉस्टिन मास्तर म्हणाले. "पडान ऱ्हवलंस, पेज जेवलंस, बऱ्याच लोकांची जाता तशी गेली. यशोदेची गेली नाय. माळ दोघांचीय सारखीच उतरली."

हे ऐकून परशुराम उठला. तीर्थाच्या घागरीपाशी गेला आणि ती पायाने लवंडून दिली. मग मास्तरांना पहिल्यांदाच पुरते बोलू दिले गेले. ते म्हणाले, हा रोग एकाच्या पोटातून निघतो आणि पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून दुसऱ्याच्या तोंडात जातो. दुसरी वाट त्याला लागतच नाही. ह्या घागरीत रोगी हात बुडवत होते आणि तुम्ही ती पीत होता.

सुगंधाला त्याच भरतीला कॉन्स्टान्सियोने आपल्या होडीतून मालवणला नेले. काशीबाई बरोबर बसली. बुवाही त्या गडबडीत निघाला आणि वैभववाडीच्या वाटेला लागला. त्याला कोणी अडवले नाही ह्याचा मला अजून राग आहे.

मांडव मोडायला घेतला तेव्हा बुवाच्या खोपटीमागे शहाळ्यांचा ढीग निघाला, माणूसभर उंच. इतके दिवस हा देवीच्या विहिरीचे तीर्थ सगळ्या मुलखाला पाजत होता आणि स्वतः एक थेंब पीत नव्हता. कावीळ त्याच्या वाऱ्यालाही उभी राहिली नव्हती ती ह्यामुळे. बुवाला हे ठाऊक होते की शहाळी फुकट मिळत म्हणून तो पीत होता, सांगता येत नाही. पण मास्तरांची इतक्या दिवसांची भाषणे जे करू शकली नव्हती ते त्या ढिगाने केले. माणसे जाऊन शाळेच्या ओट्यावरचा डबा घेऊन आली. विहीर उपसली, कठडा बांधला, पावडर टाकली. कौल कोणी घेतला नाही. पाणी महिनाभर उग्र लागले आणि आम्ही शिव्या देत प्यालो, उकळून प्यालो.

सुगंधा दवाखान्यात बरेच दिवस होती. एक रात्र अशी गेली की डॉक्टर खाटेजवळून हलले नाहीत. माघात तिला मुलगी झाली. अशक्त, पण रडायला आईसारखी. यशोदेला ते मिळाले नाही. तिला कावीळ झाली हे तिचे दुर्दैव म्हणा. ती वाचली असती की नाही, कोणी सांगू शकत नाही. पण तिला वाचायची संधी मिळाली नाही, ती आम्ही सगळ्यांनी मिळून, हात जोडून नाकारली. ते दैवाच्या नावावर मांडू नका.

म्हणून सांगतो. पाणी खळखळ उकळून प्या. शौचाहून आल्यावर आणि जेवायला बसण्याआधी साबणाने हात धुवा. संडास विहिरीपासून लांब आणि उताराच्या अंगाला बांधा. कावीळ झालेल्याला निजू द्या, त्याची ताटवाटी वेगळी ठेवा, आणि बाई गरोदर असेल तर मुहूर्त न बघता दवाखान्यात न्या. देव मानायचा तर खुशाल माना, त्याच्याशी आमचे भांडण नाही. पण जो तुम्हाला शंका घ्यायला बंदी करतो, त्याला दारात उभा करू नका, मग तो गाऱ्हाणे मालवणीत घालो की संस्कृतात.