काळ्या काचेमागची चाकं

घड्याळजींचा जन्मभराचा नेम होता. यंत्र उघडलं की जे चाक ज्या क्रमाने निघेल, त्याच क्रमाने ते कापडावर मांडायचं. चौकातल्या मनोऱ्याचं जुनं घड्याळ उघडताना मात्र त्यांनी तो मोडला. लेकीने घेऊन दिलेल्या फोनवर एकेका भागाचा फोटो काढला आणि सगळी चाकं बिनधास्त एकाच घमेल्यात, रॉकेलमध्ये टाकली.

मग फोन स्टुलावरून फरशीवर पडला. रिंग वाजत होती, पण पडदा काळाठिक्कर. ते घड्याळ घडवणारे कधीच गेले होते आणि त्याचा नकाशा कुणाकडेच नव्हता. घमेल्यातलं कुठलं चाक कुठे बसतं, हे आता फक्त त्या फोटोंत होतं.

लेकीने फोन वायरने कॉम्प्युटरला जोडला. फोनचं नाव दिसलं, आत मात्र काहीच नाही.

"गेलं सगळं," ते म्हणाले.

"बाबा, रडगाणं नंतर. फोनला लॉक आहे, तो उघडा."

"दिसत नाही तर उघडू कसा?"

"डोळे मिटून स्क्रू फिरवतो अशी बढाई कोण मारतं घरात?"

त्यांनी काचेवर बोट ठेवलं. बोटाने सवयीने वळणं घेतली. फोन थरथरला.

"आता तो फोटो कॉम्प्युटरला दाखवायची परवानगी मागतोय." लेकीचा फोन त्याच बनावटीचा होता. तो शेजारी ठेवून तिने बटण कुठे येतं ते दाखवलं. घड्याळजींनी दोन्ही फोनच्या कडा जुळवल्या, बोटांनी अंतर मोजलं आणि काळ्या काचेवर दाबलं. काही नाही. केसभर खाली सरकून पुन्हा दाबलं.

कॉम्प्युटरवरच्या रिकाम्या जागेत फोटो एकामागून एक उगवू लागले.

लेकीने एक उघडला. एका डोळ्याला भिंग लावून पाहिलेली दोन चाकं आता परातीएवढी होऊन समोर उभी होती. दातान् दात दिसत होता. तेलाच्या थेंबात खोलीची खिडकीसुद्धा होती. आणि दोन्ही चाकांवर, एकमेकांसमोर, एकेक बारीक ओरखडा.

"तुमची खूण?"

"नाही गं." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "माझ्याआधी कुणीतरी उघडलंय हे. कुठला दात कुठे बसतो ते पुढच्याला कळावं म्हणून ठेवलीय."

त्यांनी पडद्यावरच्या त्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं.

"पहिला फोटो लावू?"

"नको. शेवटचा लाव. शेवटी निघालेलं आधी बसतं." बाह्या सारून त्यांनी घमेल्यात हात घातला.