गोगलगायीची ऑपरेशनं

ऑपरेशन थिएटरमध्ये तिला सगळे गोगलगाय म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिच्या कानावर पडेल अशा बेताने. पित्ताशय काढायला बरोबरीच्या तिघा सर्जनना पाऊण तास पुरायचा, हिला दीड तास लागायचा. भूल देणारे डॉक्टर घड्याळाकडे बघून जांभया द्यायचे. अशी दोन वर्षं गेली आणि तिने मनाशी ठरवून टाकलं, की देवाने आपल्याला बुद्धी दिली, माया दिली, पण हात द्यायच्या वेळी त्याचं लक्ष दुसरीकडे होतं. शुक्रवारी सरांना सांगायचं, सर्जरी सोडते. बसल्या जागी औषधं लिहून देण्यातही पुण्य आहेच की.

सर म्हणजे विभागप्रमुख. माणूस देवासारखा, पण एक खूळ होतं. त्यांच्या थिएटरमध्ये 'अवघड' या शब्दाला बंदी. शब्द कानात शिरला की हात थरथरतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे सकाळी यादी वाचताना प्रत्येक पेशंटच्या नावापुढे ते एकच सांगत, "सोपी केस आहे, करून टाक." पित्ताशय आतल्या सगळ्या शेजाऱ्यांना घट्ट मिठी मारून बसलेलं असलं, तरी सोपीच.

त्या आठवड्यात विभागात नवा एआय प्रोग्राम आला होता. दुर्बिणीच्या ऑपरेशनचा व्हिडिओ दिला, की तो सुरुवातीचंच चित्र बघून सूज किती, चिकटलंय किती याचा अंदाज घ्यायचा आणि ऑपरेशन किती अवघड, ते एक ते पाचमधल्या आकड्यात सांगायचा. परीक्षा म्हणून त्याला दोन वर्षांची सगळी रेकॉर्डिंग दाखवली होती. शुक्रवारी गोगलगाय सरांच्या खोलीत शिरली, तेव्हा थिएटरच्या मोठ्या सिस्टर तोच निकाल टेबलावर पसरून बसल्या होत्या.

"सर, जरा बोलायचं होतं. मी..."

"आधी इकडे ये बाई," सिस्टर म्हणाल्या. "ही त्या तिघांची ऑपरेशनं. एक, दोन, दोन, एक, कुठेतरी चुकून तीन. आणि ही तुझी."

चार. पाच. चार. चार. पाच. तिने पान उलटलं. तिथेही तेच.

"माझ्या हातात आली म्हणून अवघड झाली असतील," ती पुटपुटली.

"तू कात्रीला हात लावायच्या आधीचं चित्र आहे ते. एवढी गरीब नको होऊस."

तिने सरांकडे पाहिलं. सर चष्मा पुसत होते. चष्मा स्वच्छच होता.

"म्हणजे अवघड तेवढी सगळी मलाच?"

"तो शब्द नको," सर म्हणाले.

"आता पुरे झालं हो तुमचं," सिस्टर म्हणाल्या. "पोरीला खरं काय ते सांगा."

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "ते तिघे घाईचे. अडलं की ओढतात. तू अडलं की थांबतेस, नीट बघतेस, मग हात घालतेस. दोन वर्षांत तुझा एक पेशंट पुन्हा टेबलावर घ्यावा लागला नाही. मग तसली आणखी कुणाला देऊ?"

"पण सर, मला एकदा सांगायचं तरी."

"मला वाटलं, तुला माहीत आहे."

"यांच्या तोंडातून कौतुक काढायचं म्हणजे यांचंच ऑपरेशन करायला हवं," सिस्टर म्हणाल्या. "आणि तेही पाच नंबरचं."

गोगलगायीला हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना. हसता हसता डोळे भरून आले, ते तिने बाहीने पुसले. दोन वर्षं ज्या हातांचा राग राग केला, ते हात तिने टेबलावर ठेवले आणि कुणा ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघितलं.

"तुला काय बोलायचं होतं?" सरांनी विचारलं.

"सोमवारच्या यादीचं," ती म्हणाली. "तुमची तसली द्याच. पण एखादी खरोखरची सोपी असेल, तर तीही द्या. पाऊण तासात घरी जाताना कसं वाटतं, ते एकदा बघायचंय."

सरांनी यादीवरून बोट फिरवलं आणि मध्येच थांबले.

"एकच आहे," ते खाली बघत म्हणाले. "ती मी माझ्यासाठी ठेवली होती."