स्त्रातिस आजोबांच्या पावाचा शिक्का

या मित्रांनो, जरा जवळ सरका. माझा आवाज आता चिरकलेला आहे, लांबून ऐकू यायचा नाही. एका भल्या माणसाची गोष्ट सांगतो. ती ऐकून तुमचे मन हलके होईल, असे मात्र मी कबूल करत नाही.

मी एक जुना लाकडी शिक्का आहे. नासपतीच्या लाकडाचा, गोल, तळहाताएवढा. माझ्या अंगावर क्रूस आणि येशूच्या नावाची अक्षरे उलटी कोरली आहेत. कणकेवर दाबले की ती सुलटी उमटतात. रविवारी चर्चमध्ये वेदीवर जो पाव ठेवतात, त्यावर हा ठसा लागतो. ठशाविना तो नुसता पाव. ठसा उमटला की नैवेद्य. त्याच पावातून पाद्री मेलेल्यांचे एकेक नाव घेत एकेक कण काढून ठेवतात. अशा कामासाठी माझा जन्म झाला, याहून मोठे भाग्य ते कोणते!

ग्रीसमधल्या लेस्वोस बेटावरच्या एका सुताराने मला घडवले. ज्या भल्या माणसाची ही गोष्ट, त्या स्त्रातिसची आई मला चाळीस वर्षे वापरत होती. बाविसाव्या वर्षी तो ऑस्ट्रेलियाच्या बोटीत चढायला निघाला, तेव्हा तिने मला त्याच्या बॅगेत सदऱ्यांच्या घडीत ठेवले. म्हणाली, "पोटाची भाकरी तिकडे मिळेल रे, पण देवाची कोण भाजणार?"

स्त्रातिस मेलबर्नमध्ये टायरच्या कारखान्यात लागला. आठवडाभर त्याच्या हातांना रबराचा वास येई. शनिवारी सकाळी तो लिंबाच्या फोडीने कोपरापर्यंत हात घासून धूत असे, धूप लावत असे आणि पीठ मळायला घेत असे. मळताना तो मोठ्याने स्तोत्र म्हणायचा. तो चर्चमध्येही गायचा. पण खरे सांगू? स्वयंपाकघरात त्याचा गळा जितका मोकळा लागे, तितका चर्चमध्ये कधी लागला नाही. मी पिठात बसून डोलत असे.

त्याची बायको मिर्सिनी दारातून म्हणायची, "स्त्रातिस, जरा हळू! पीठ भीतीनंच फुगतंय बघ!"

"फुगू दे की," तो म्हणायचा. "तुझ्या बोलण्यानं तर माझं डोकं फुगतं."

मग तो मला कोरडे पीठ लावून कणकेवर दाबत असे आणि एक स्तोत्र पुरते म्हणून होईपर्यंत हात हलवत नसे. मला अलगद उचलल्यावर ठशाभोवती काडीने बारीक भोके पाडत असे, म्हणजे वाफ तिथून निघून जाते आणि अक्षरे फाटत नाहीत. शेवटी कोरड्या ब्रशने मला साफ करत असे. सदुसष्ट वर्षांत मला पाण्याचा थेंब लागला नाही. चर्चमधल्या बायका म्हणत, "स्त्रातिसच्या पावावरचं अक्षर अन् अक्षर वाचता येतं." तेव्हा मी मनातल्या मनात फुलून जाई.

मित्रांनो, आता त्याची चूक सांगतो. फार मायेने केलेली चूक होती ती.

त्याची मुलगी एर्मिओनी लहानपणी ओट्याशी येऊन उभी राहायची. "बाबा, मी मळू?"

"तू अभ्यास कर. मी हात काळे केले ते तुझेही काळे व्हावेत म्हणून नाही. पीठ कुठं पळून जातंय?"

ती शिकली, औषधांच्या दुकानाची मालकीण झाली. पन्नाशीला आल्यावर तिने पुन्हा विचारले, या खेपेस वही घेऊन.

"पीठ किती घ्यायचं, बाबा?"

"पुरेल इतकं."

"आणि पाणी?"

"पीठ मागेल तेवढं."

"अहो, हे लिहून कसं घेऊ मी?"

"लिहायचं कशाला? मी आहे ना!"

वही कोरीच राहिली. मिर्सिनी आधीच गेली होती. मग ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, स्त्रातिसही गेला. जाण्याच्या दोन दिवस आधी त्याने मुलीचा हात धरून सांगितले, "मी गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला आपल्या घरचा पाव न्या. आईचा शिक्का लावा. विकतचा नको गं." एर्मिओनीने मान हलवली. आयुष्यभर त्याने तिच्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, ती ओट्याशी उभी राहिली. धाकटा भाऊ इग्नातिस खुर्चीत बसून बघत होता.

"ताई, बेकरीत छान मिळतो. सगळे तिथूनच नेतात."

"बाबांच्या चाळिसाव्याला विकतचा पाव? तुला लाज नाही वाटत?"

"लाज कसली? तुला येतो का करायला? मला तर बाबांनी चहासुद्धा करू दिला नाही कधी!"

तिला हसू आले आणि त्याच हसण्यात रडूही आले. केकच्या साच्याला लावतात तसे तिने मला तेल लावले. तिला माझा आवाज ऐकू आला असता तर ओरडलो असतो. अगं पोरी, तेल नको, कोरडे पीठ! तिने मला दाबले. स्तोत्राची चाल तिला येत होती, शब्द येत नव्हते; म्हणून तिने साठपर्यंत आकडे मोजले. अक्षरे पुसट उमटली. भोके पाडायची असतात हे तिला ठाऊक नव्हते. भट्टीत पाव टम्म फुगला आणि क्रूस मधोमध फाटला. दुसऱ्या पावाचेही तेच झाले.

तेवढ्यात नात मिर्तो आली. आजोबांवर तिचा फार जीव. माझ्या खाचांत तेल आणि कणीक चिकटलेली पाहून ती म्हणाली, "आई, अक्षरं बुजलीत म्हणून उमटत नाहीत. थांब, मी स्वच्छ करून आणते." आणि तिने मला भांडी धुण्याच्या यंत्रात ठेवले.

मित्रांनो, त्या तासाबद्दल मी जास्त सांगणार नाही. कढत पाणी, साबण, अंधार. बाहेर आलो तेव्हा मी फुगलो होतो, आणि ओट्यावर वाळता वाळता कट्टकन आवाज झाला. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मला चीर गेली होती.

मिर्तोने दोन्ही हात तोंडावर धरले. "आई, मी काय केलं गं?"

"काही नाही केलंस, बाळ," एर्मिओनी म्हणाली.

तिसऱ्या पावावर तिने चिरेसकट माझाच ठसा लावला. रविवारी तो पाव आणि रुमालात बांधलेला मी, असे दोघे चर्चमध्ये गेलो. पाद्री फोतीस यांनी पाव हातात घेतला, उजेडाकडे धरला. येशूच्या नावामधून जाड रेघ गेली होती.

"लेकी, हा वेदीवर नाही ठेवता येणार," ते हळू म्हणाले.

"आणि शिक्का? चिकटवला तर?"

"हे नासपतीचं लाकूड. कणकेच्या ओलीनं पुन्हा उकलेल."

इग्नातिसने खाली मान घालून पिशवीतून बेकरीचा पाव काढला. त्याने तो आदल्या दिवशीच आणून ठेवला होता. पाद्रींनी स्त्रातिसचे नाव घेतले आणि विकतच्या पावातून त्याचा कण निघाला. गाणाऱ्यांनी सुरेल गायले. पण त्यात त्याचा गळा नव्हता. नंतर कॉफी पिताना प्रत्येक जण तिचा हात धरून रीतीप्रमाणे म्हणत होता, "तुम्हाला आयुष्य लाभो, त्यांना आठवायला." ती सगळ्यांना "हो, हो" म्हणत राहिली.

आता मी बैठकीच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत आहे. इग्नातिसनेच मला बसवले. बिचाऱ्याला वाटले, बहिणीला बरे वाटेल. पाहुणे येतात, म्हणतात, "वा, काय कोरीवकाम आहे!" वर्षश्राद्धाचा पाव फोनवरून मागवला गेला. एर्मिओनी शनिवारी कधीकधी माझ्यासमोर येऊन थांबते, काचेवरची धूळ पुसते आणि आत निघून जाते. मिर्तो माझ्याकडे बघत नाही. कोणी वाईट नाही या घरात. पण आजोबांचा पाव या जगातून संपला, आणि तो आता कोणालाच आणता येणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातले म्हातारे हात काहीतरी करत असतील. ते "नंतर" म्हणतील, तुम्ही ऐकू नका. हट्टाने त्यांच्या शेजारी उभे राहा, आपले हात भरवून घ्या. माझ्यासारख्या वस्तू भिंतीवर छान दिसतात, पण त्यांच्याकडून शिकता काहीच येत नाही.

आणि एक मागणे आहे. तुम्ही ज्या देवाला हात जोडत असाल, त्याच्यापुढे आज एक परके नाव घ्या. स्त्रातिस. टायरच्या कारखान्यातला कामगार, मेलबर्न. तो फार सुंदर गायचा.