सातव्या रकान्यातली रेघ

मी भरलेला अर्ज परत येत नाही. चारकोपच्या नाक्यावर झेरॉक्सच्या दुकानाबाहेर टेबल टाकून एकवीस वर्षं मी हेच करते आहे. रेशनकार्ड, निराधारांचं पेन्शन, जातीचा दाखला. अनुपमाबाईंकडून भरून घ्या, एका फेरीत काम होतं, असं लोक एकमेकांना सांगतात. मला त्याचा माज होता.

आमच्या वॉर्डात एक योजना आली होती. डिमेन्शिया झालेली, घरातून निघून जाणारी माणसं असतात ना, त्यांच्यासाठी मनगटाचे पट्टे, सरकारी निधीतून. पट्ट्यावर नाव आणि मदतकेंद्राचा फोन नंबर. माणूस कुठे आहे ते आपोआप कळवणारं यंत्र त्या निधीत बसत नव्हतं, पण नाव-नंबरही आम्हाला पुष्कळ होता. बाबा तीनदा निघून गेले होते, एकदा तर बोरीवलीला सापडले. मी एकटी, टेबल सोडून घरी बसणं परवडणारं नव्हतं. मग कामावर जाताना मी बाहेरून कुलूप घालायचे. बापाला कोंडून ठेवून मी जगाचे अर्ज भरत होते, आणि आतून दार वाजवत ते म्हणायचे, "गे, पाळी चुकतली माझी."

पाळी म्हणजे गिरणीची. बाबा परळच्या गिरणीत साचाखात्यात, मागावर होते, आणि सगळी नोकरी त्यांनी दुसऱ्याच्या नावावर केली. त्यांचे थोरले भाऊ नंदकुमार छातीच्या दुखण्याने गावी गेले, तेव्हा मुकादमाने त्यांचा पास धाकट्याच्या हातात दिला आणि सांगितलं, आजपासून तू नंदकुमार. भाऊ वर्षभरात वारले. पास राहिला. पुढे रेशनकार्ड, मतदार कार्ड, आधार, सगळं त्याच नावाने झालं. बाबांचं खरं नाव धोंडू. आई त्यांना 'अहो' म्हणायची, त्यामुळे आमच्या घरात ते नाव मी कधी ऐकलंच नाही. गेटवर साहेबाने पास बघून नाव विचारलं की वाटायचं, आता पकडणार, एवढंच त्यांनी मला एकदा सांगितलं होतं.

अर्जाच्या दिवशी मी त्यांना वॉर्ड ऑफिसात नेलं. खिडकीवरचा विद्याधर माझ्या रोजच्या ओळखीचा. त्याने सहज विचारलं, "आजोबा, नाव काय तुमचं?"

"धोंडू," बाबा म्हणाले. अगदी ठणठणीत आवाजात.

विद्याधरने माझ्याकडे पाहिलं. मी हसले. "अरे, त्यांना काय आठवतंय आता. आधारवर आहे तेच घे."

बाबांना माझं नाव आठवत नव्हतं, आई गेलेली आठवत नव्हती. एक गोष्ट त्या दिवशी बरोबर आठवली होती, आणि मी ती हसण्यावारी नेली.

अर्जात सातवा रकाना होता: 'अन्य नाव (उर्फ) असल्यास'. उर्फ या शब्दाला आमच्या धंद्यात आम्ही घाबरतो. उर्फ लिहिलं की प्रतिज्ञापत्र मागतात, पुरावा मागतात, आणि अर्ज पुढच्या खेपेला जातो. पट्टे थोडेच होते. मी सातव्या रकान्यात रेघ मारली. बाराव्या दिवशी पट्टा हातात आला. सोसायटीत सगळ्यांना दाखवला, काय सांगू.

बाबा तो सारखा काढायचे. एकदा निरखून बघत म्हणाले, "पास गावलो?" मी म्हटलं, "हो बाबा, पासच आहे. काढायचा नाही हं." त्यानंतर त्यांनी हात लावला नाही. मला वाटलं, काय युक्ती सुचली.

मे महिन्यात एका सकाळी मी दूध आणायला खाली उतरले आणि दार नुसतं ओढून घेतलं. पाच मिनिटं. वर आले तेव्हा दार उघडं होतं. सेक्टरच्या गल्ल्या पालथ्या घातल्या, बागेत पाहिलं, मग पोलिसांकडे धावले. तक्रारीत नाव लिहिलं आधारवरचं, हे सांगायला नकोच.

साडेआठला मदतकेंद्राचा फोन आला. "ताई, इंडस्ट्रियल इस्टेटच्या गेटवर पट्टा मिळालाय."

"आणि बाबा?"

"पट्टा मिळालाय," ती मुलगी पुन्हा म्हणाली.

गेटवर वॉचमनची ड्यूटी नुकतीच बदलली होती. नव्या वॉचमनने टेबलाच्या खणातून पट्टा काढून दिला. रात्रीचा माणूस फोन करून घरी झोपायला गेला होता, याला पुढचं काही ठाऊक नव्हतं. पोलिसांची जीप आली, भोंगा लागला. "नंदकुमार लक्ष्मण पाताडे, असाल तिथे थांबा. नंदकुमार पाताडे." दिवसभर ती जीप त्या गाळ्यांमधून फिरली. मी मागोमाग 'बाबा, बाबा' करत पळत होते. बाबा म्हटल्यावर ते कित्येक महिन्यांपासून वळून बघत नव्हते, तरी मला दुसरं काही सुचेना. दुपारी तर पाय भाजत होते.

पाचच्या सुमारास रात्रीचा वॉचमन धावत आला. राजेश नाव त्याचं. झोपून उठल्यावर व्हॉट्सॲप ग्रुपवर बाबांचा फोटो पाहिला होता त्याने.

"ताई, हे आजोबा आलेले ना सकाळी. फुल घाईत होते, आत जायचं म्हणाले. मी पट्टा वाचला, म्हटलं, नंदकुमार पाताडे तुम्हीच ना? तर एकदम घाबरले. पट्टा काढून माझ्या हातात दिला. मालवणीत बोलत होते, आमच्या शेजारी बोलतात तसं." त्याने जसंच्या तसं सांगितलं. "'ह्यो पास माझो नाय, भावाचो आसा. मी धोंडू. साहेबाक सांगू नको.' मला वाटलं, यांना भावाचा पट्टा सापडलाय. भाऊ हरवलाय म्हणून फोन केला ना मी, तेवढ्यात हे आत निघून गेले."

म्हणजे त्यांच्या लेखी दिवसभर भोंग्यावर आम्ही त्यांना पकडायला निघालो होतो. जितक्या वेळा नंदकुमार म्हटलं, तितक्या वेळा ते आणखी आत सरकले असणार.

जीप थांबवायला सांगितली, भोंगा बंद करायला लावला. बापाला नावाने हाक मारायला जीभ उचलत नव्हती. मग गावच्या आजीने मारली असती तशी मारली. "धोंडू. ए धोंडू. ये रे बाळा माझ्या, घराक चल."

प्रत्येक गाळ्यापुढे उभं राहून मारली. ओ आली नाही.

बंद पडलेल्या एका गाळ्याच्या मागे, पत्रे रचले होते त्याच्या आडोशाला राजेशला ते दिसले. गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. उजव्या हाताने डावं मनगट घट्ट झाकून धरलेलं, पट्टा असायचा ते. अंग उन्हाने तापलेलं होतं, म्हणून मला क्षणभर वाटलं, जिवंत आहेत. डॉक्टर म्हणाले, दुपारीच गेले, उन्हाने. आमची जीप त्या पत्र्यांजवळून निदान दहा वेळा गेली होती.

तेराव्यानंतर विद्याधरचा फोन आला. "ताई, कसं सांगू कळत नाही. पट्टा जमा करायला लागेल. वेटिंगला माणसं आहेत, नवीन मंजुरी नाही." मला राग आला नाही. पट्टा निधीचा होता, कुणाच्या तरी बापाच्या कामी येईल.

खिडकीवर पट्टा ठेवला आणि म्हटलं, "आमचा अर्ज दाखव रे एकदा."

त्याने फाइल काढून दिली. माझंच अक्षर, गोल, सुटसुटीत. सातव्या रकान्यात रेघ, पट्टीने मारावी तशी सरळ. खाली साहेबांची सही होती, आणि सहीच्या वर शेरा: अर्ज परिपूर्ण, त्रुटी नाही.